तिचिनोचा पाम: शोभेचं झाड जंगलात शिरतं तेव्हा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडच्या तिचिनो प्रांतात, लोकार्नोजवळ राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली. दर मे महिन्यात गुहागरला घरी फोटो पाठवले की ठरलेला प्रश्न येतो, "अगं, स्वित्झर्लंडात माड कुठून आले?" इथे नव्याने घर घेतलेली मराठी मंडळी मात्र वेगळंच विचारतात, "बागेत पाम आहे, सरकार तोडायला लावणार का?" दोन्हीकडे फोनवर तुकड्यातुकड्यांत उत्तरं देऊन दमले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. मी वनस्पतिशास्त्रातली नाही. बागेत पाम असलेली, एकदा त्यापायी फजिती झालेली आणि मग वाचत बसलेली बाई आहे.

हा पाम नेमका कोणता? माडाचाच प्रकार ना?

लांबचा नातेवाईक म्हणा. शास्त्रीय नाव ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय. माडाची झावळी पिसासारखी लांब असते; याचं पान ताडासारखं पंख्याच्या आकाराचं, पण ताडापेक्षा बरंच लहान. खोड बारीक, सरळ, आणि त्याभोवती तपकिरी काथ्याची जाड गुंडाळी. लांबून वाटतं, कुणीतरी झाडाला घोंगडं पांघरलंय. चीनमध्ये याच काथ्यापासून दोर वळत आणि पावसात पांघरायचे झगे विणत, आपल्याकडच्या इरल्याचं काम करणारे. जपानात त्याचे झाडू अजून होतात. शिंदीच्या पानांची केरसुणी वापरलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

मूळ गाव मध्य आणि पूर्व चीन. पामच्या कुळात थंडी सोसण्यात याचा हात धरणारे फार थोडे. मोठं झाड उणे १५ अंशांच्या आसपास तग धरतं, डोक्यावर बर्फ साचलेलं असलं तरी.

चीनचं झाड आल्प्सच्या पायथ्याशी कसं आलं?

शौकाने. १८३०च्या सुमारास फॉन सीबोल्ड या जपानात राहिलेल्या डॉक्टरने त्याचं बी नेदरलँड्सच्या लायडनला पाठवलं. १८४०च्या दशकात रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश माळ्याने चीनहून रोपं इंग्लंडला धाडली, आणि झाडाला नाव त्याचं मिळालं. हाच फॉर्च्यून ईस्ट इंडिया कंपनीसाठी वेष पालटून चीनच्या चहाच्या मुलखात फिरला आणि तिथली रोपं हिमालयाच्या उतारांवर पोचवली. चहाच्या इतिहासात त्याचं नाव हटकून येतं. पामच्या बाबतीत फारसं कुणी काढत नाही.

पुढे माज्जोरे सरोवराच्या काठावरच्या श्रीमंतांच्या बंगल्यांत हा पाम लागला, मग हॉटेलांत, मग साध्या घरांच्या कुंपणात. उत्तरेकडच्या थंडीला कंटाळलेल्या पर्यटकाला पाम दिसला की आपण दक्षिणेत आलो असं वाटायचं, आणि पर्यटनाच्या भित्तिपत्रकांनी हेच विकलं. शेवटी जर्मनभाषक लोक त्याला 'तिचिनोचा पाम' म्हणायला लागले. बाहेरून आलेल्याला गावाचं आडनाव मिळालं, आणि आज त्याला हात लावायचा म्हटलं की इथली अर्धी माणसं हळवी होतात ती त्यामुळेच.

परदेशी म्हणजे आक्रमकच का?

नाही हो. काजू ब्राझीलचा, मिरची अमेरिकेची, आणि दोघांशिवाय कोकणाचं पान हलत नाही. परकी प्रजाती आक्रमक ठरायला चार पायऱ्या चढाव्या लागतात: नव्या जागी पोचणं, तिथे जगणं, माणसाच्या मदतीशिवाय पिल्लावळ वाढवणं, आणि पसरून तिथल्या जीवांचं किंवा माणसांचं नुकसान करणं. बहुतेक झाडं मधेच कुठेतरी अडतात. जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाने २०२३ मध्ये दिलेला अंदाज बघा: जगभर माणसाने इकडून तिकडे नेऊन रुजवलेल्या परक्या प्रजाती ३७,०००हून अधिक, त्यांतल्या घातक ३,५००हून अधिक. दहात एक, एवढं ढोबळ प्रमाण.

पण तो दहातला एक पुष्कळदा शोभेच्या रांगेतूनच येतो. आपली घाणेरी बागेच्या कुंपणासाठी आणली होती आणि जलपर्णी फुलांसाठी. ज्यांनी आणली त्यांचा हेतू वाईट नव्हता.

शंभर वर्षं बागेत गप्प होता, मग आताच काय झालं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण धोका मोजताना सगळे इथेच फसतात. झाड आणल्यापासून ते पसरायला लागेपर्यंत मधे एक शांत काळ जातो. जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्ग प्रांतात इंगो कोवारिक यांनी १९९५ मध्ये परक्या झाडाझुडपांच्या जुन्या नोंदी तपासल्या. लागवडीपासून आपोआप पसरायला सुरुवात होईपर्यंत झुडपांना सरासरी १३१ वर्षं लागली होती, आणि मोठ्या झाडांना १७०. "आमच्या आजोबांनी लावलाय, काही झालं नाही" या वाक्याला त्या हिशेबात फारसं वजन उरत नाही.

तिचिनोत हा पाम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगलात दिसायला लागला. कारणं एकात एक गुंतलेली आहेत. हिवाळे सौम्य झाले. मोठं झाड थंडी सोसतं, पण कोवळं रोप सोसत नाही. लागोपाठ काही हिवाळे नरम गेले की रोपांची एक पिढी वाचते, आणि एकदा वाचली की पुढच्या कडक हिवाळ्याला ती मोठी झालेली असते. २००७ मध्ये गियान-रेतो वाल्थर आणि सहकाऱ्यांनी याच भागातल्या पामचा अभ्यास मांडला. जानेवारीचं सरासरी तापमान साधारण दोन अंशांच्या वर गेलं की हा पाम स्वतःच्या बळावर टिकून राहतो, असा त्यांचा हिशेब होता. सरोवराकाठची गावं ती रेघ ओलांडून बसली आहेत.

दुसरं कारण माणसांचं. इथली चेस्टनटची जंगलं शतकानुशतकं राखलेली होती. खाली बकऱ्या चरायच्या, पालापाचोळा गोळा व्हायचा, फळं वेचली जायची. लोक शहरांत गेले, बकऱ्या गेल्या, आणि झाडांखालची जमीन मोकळी पडली. आमच्याकडे गावची वाडी ओस पडली की रान कसं घरापर्यंत येतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना मी वेगळं काय सांगणार.

बी पसरतं कसं?

या पामची नर-मादी झाडं वेगळी असतात. मे-जूनमध्ये नराला पिवळ्या आणि मादीला हिरवट पोया, म्हणजे फुलांचे तुरे, येतात, फळं मात्र मादीलाच धरतात: निळसर काळी, मूत्रपिंडाच्या आकाराची, सेंटिमीटरभर, घडाने हजारो. हिवाळ्यात बाकी खायला काही नसतं तेव्हा कस्तुर आणि त्याच्या जातीचे पक्षी ती गिळतात आणि दुसरीकडे बी टाकतात. म्हणून रोपं मोठ्या पामखाली तर असतातच, पण त्याहून जास्त सापडतात ती पक्षी बसतात त्या फांद्यांखाली, कुंपणांत, ओढ्याच्या कडेला.

आता माझी फजिती. पहिल्याच वर्षी मी फळांचा एक पिकलेला घड कापला आणि सरळ बागेतल्या खताच्या ढिगात टाकला. सेंद्रिय कचरा आहे, कुजेल. दोन उन्हाळे गेल्यावर ते खत भाज्यांच्या वाफ्यात पसरलं. वाफ्यात गवत उगवलं असं वाटलं, मधे मधे जरा रुंद, कडक, घडी घातल्यासारखं पातं. शेजारच्या आजीबाई कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, "सिन्योरा, ते गवत नाही." मोजली तर त्रेसष्ट रोपं. टोमॅटोच्या वाफ्यात.

एवढं रान उठवण्यासारखं नुकसान होतं तरी काय?

इथे मला प्रामाणिक राहायला हवं. हा पाम पसरतो याबद्दल शंका नाही. त्याने नेमकं किती बिघडतं, यावर मात्र जेवढ्या ठामपणे बोललं जातं तेवढा ठाम पुरावा नसतो. म्हणून एकेक मुद्दा वेगळा घेते.

सावली. तिचिनोच्या सखल भागातलं जंगल पानगळीचं आहे. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला जमिनीपर्यंत ऊन येतं आणि छोटी फुलझाडं तेवढ्या काळात आपलं वर्ष उरकून घेतात. पाम बारमाही हिरवा. त्याची दाट झुंड जमली की खाली ऊन पोचत नाही, आणि चेस्टनट-ओकची रोपंही तिथे उठत नाहीत. घरांजवळच्या ओलसर दऱ्यांत अशा झुंडी मी स्वतः पाहिल्या आहेत. आत शिरलं की पायाखाली पंख्यांचा कोरडा थर करकरतो आणि बाकी जमीन उघडी.

उतार. हा मुद्दा बाहेरच्यांना सुचत नाही. इथे कितीतरी गावांच्या डोक्यावर उभे डोंगर आहेत आणि वरून येणारे दगड, माती आणि हिमलोट अडवायचं काम जंगल करतं. त्याला 'संरक्षक जंगल' म्हणतात आणि त्याची सरकारी निगराणी होते. पामला सोटमूळ नसतं. बुंध्यापासून सुतळीसारखी असंख्य मुळं निघतात आणि ती ओकच्या मुळांसारखी वर्षागणिक जाड होत नाहीत. वादळात माड उभा राहतो म्हणून मुळं घट्ट, असं आपण म्हणतो. पण स्वतः उभं राहणं वेगळं आणि अख्खा उतार धरून ठेवणं वेगळं. उतारावरच्या जुन्या झाडांची जागा हळूहळू पामने घेतली तर काय होईल, ही चिंता म्हणून रास्त आहे.

आग. तिचिनोत वणवे हिवाळा संपता संपता लागतात, उत्तरेकडून डोंगर उतरून येणारा कोरडा वारा सुटला की. पामच्या वाळलेल्या झावळ्या गळून न पडता खोडाला लटकत राहतात, खाली काथ्या. आगीला वर चढायला शिडीच ती.

कीड. शोभेच्या पामच्या व्यापाराबरोबर त्याचे पाहुणेही प्रवास करतात. आपल्या नारळावरचा सोंड्या भुंगा बघा. मूळचा दक्षिण आशियाचा, तो खजुराच्या मुलखात पोचला आणि १९९०च्या दशकात आयात केलेल्या पाममधून स्पेनला, तिथून भूमध्य सागराच्या काठाने बघता बघता सगळीकडे. दक्षिण अमेरिकेतला एक मोठा पतंगही असाच युरोपात आला आणि त्याच्या अळ्यांना आमचा हा काथ्यावाला पाम विशेष आवडतो. कुणी म्हणेल, बरं झालं, पतंगच पाम संपवेल. पण तोच पतंग युरोपच्या मुख्य भूमीवरच्या एकमेव देशी पामवरही, म्हणजे भूमध्य काठावरच्या बुटक्या पामवरही तुटून पडतो.

मग धोका मोजतात कसा? अंदाजाने?

अंदाजानेच, पण शिस्तीत. सगळ्यात जास्त नक्कल झालेली पद्धत ऑस्ट्रेलियाची. तिथे १९९७ पासून बाहेरचं नवं झाड देशात येऊ द्यायचं की नाही, हे ठरवायला ४९ प्रश्न विचारतात. झाड इतरत्र पसरलंय का? हवामान जुळतं का? काटे, विष, वेलीसारखी पकड आहे का? बी किती, कशाने पसरतं? तोडल्यावर फुटतं का? उत्तरांना गुण. बेरीज सहाच्या वर गेली तर दरवाजा बंद. एक ते सहा म्हणजे आणखी तपासा. त्याखाली असेल तर या.

आमच्या पामला यातले काही प्रश्न लावून बघूया. इतरत्र पसरला आहे का? होय, उत्तर इटलीच्या सरोवरांकाठी, शिवाय न्यूझीलंडमध्ये. हा एक प्रश्न बाकीच्या डझनभर प्रश्नांपेक्षा जास्त सांगून जातो. लग्नासाठी स्थळ बघताना पत्रिकेपेक्षा गावात केलेली चौकशी कामाला येते, तसं. हवामान जुळतं का? सरोवराकाठी जुळतं, आल्प्सच्या वर नाही. पक्षी बी नेतात का? हो. सावलीत वाढतो का? चांगलाच. काटे आहेत का? देठाला बारीक दाते, एवढंच. विषारी? नाही. तोडल्यावर बुंध्यातून फुटतो का? नाही, आणि हे त्याच्या बाजूने जातं. लवकर फळतो का? खोड धरायलाच कितीतरी वर्षं घेतो, हेही बाजूने.

आता हेच माडाला लावा. नारळ कुठला पक्षी गिळणार? माणसाने पुरल्याशिवाय किंवा समुद्राने आणून टाकल्याशिवाय तो घरामागच्या डोंगरावर चढत नाही. एकाच कुळातली दोन झाडं, आणि निम्मा फरक फळाच्या आकारात.

या यादीत एक गोष्ट मात्र कुठे बसत नाही, ती म्हणजे जागा. झुरिकच्या गच्चीवर कुंडीतला पाम आणि लोकार्नोत जंगलाच्या कडेला बागेतला मादी पाम, दोघांची शास्त्रीय गुणसंख्या एकच. धोका एक नाही. मला कुणी विचारलं तर मी आधी झाडाबद्दल बोलतच नाही. तीन गोष्टी विचारते: मादी आहे का, मागे जंगल किंवा ओढा किती लांब आहे, आणि हिवाळ्यात किती दिवस पाणी गोठतं.

या पद्धती निरपराध झाडांना फाशी देत नाहीत का?

देतात. परक्या झाडांतली बरीचशी जर निरुपद्रवीच असतील, तर चाचणी कितीही हुशार असली तरी तिने अडवलेल्यांत काही भलीही निघणार. पण उलटी चूक महाग पडते. नर्सरीने एक झाड विकलं नाही तर ती दुसरं विकते. जंगलात गेलेलं झाड परत बोलावता येत नाही.

स्वित्झर्लंडचा कायदा काय सांगतो?

१ सप्टेंबर २०२४ पासून हा पाम विकायला, कुणाला भेट द्यायला किंवा देशात आणायला बंदी आहे. बागेत आधीपासून असलेलं झाड ठेवायला या नियमाने मनाई नाही, तेव्हा सुरुवातीच्या 'सरकार तोडायला लावणार का?' या प्रश्नाचं उत्तर: नाही, या नियमाखाली कुणी तोडायला लावणार नाही. 'भेट' हा शब्द मात्र नीट वाचा. आपल्याकडे रोप देणं म्हणजे प्रेम. गृहप्रवेशाला पामचं रोप घेऊन जाऊ नका. इटलीतल्या बाजारातून गाडीच्या डिकीत आणणंही आयातच.

माझ्या बागेत पाम आहे. काय करू?

आधी नर की मादी ते बघा. पोय येईपर्यंत कळत नाही, तोवर थांबा. नर असेल तर निवांत राहा.

मादी असेल तर दोन वाटा. पहिली, तोडून टाका. दुसरी, दरवर्षी पोय कापा. फुलं असतानाच, जूनच्या आत, फळं धरण्यापूर्वी. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते दर वर्षी करायचं, आणि झाड वाढत जातं तशी शिडीही वाढत जाते. पाच मीटर उंचीवर काथ्यात हात घालून कापताना नवऱ्याने खाली शिडी धरली होती आणि फोनवर बोलत होता. तेव्हा मी तोडायचा निर्णय घेतला.

फळं धरलीच तर घड पिशवीत बांधून घरच्या कचऱ्याबरोबर जाळायच्या कचऱ्यात. खतात नाही. का, ते वर टोमॅटोच्या वाफ्यात आलंच आहे.

रोपं उपटली तरी पुन्हा येतात. असं का?

कारण तुम्ही पान उपटलंत. लहान रोपाचा वाढता कोंब जमिनीखाली असतो, खोडाचा भाग आधी खाली वाकून मग वर येतो. पातं धरून ओढलं की ते हातात येतं, कोंब जिथल्या तिथे. खुरपं किंवा अरुंद कुदळ बाजूने तिरकी घाला, पांढरट गड्डा हाताला लागला की तो मुळांसकट उचला. पावसानंतर दुसऱ्या दिवशी करा, माती सोडते. गवताएवढं रोप दोन बोटांनी निघतं. पंखा उघडलेलं रोप कुदळ मागतं. गुडघ्याच्या वर गेलेलं अख्खी संध्याकाळ खातं.

मोठा पाम तोडला तर बुंध्यातून फुटतो का?

नाही. शेंडा गेला की संपला, माडासारखाच. फक्त खोड दिसत असलं पाहिजे. ते दिसत नसेल तर वरचं उत्तर.

जाता जाता: साखळी करवत वापरणार असाल तर आधी कापायच्या जागेभोवतीचा काथ्या कोयत्याने सोलून काढा. नाहीतर तो साखळीत गुंडाळतो आणि करवत बंद पडते. आमचा माळी हातकरवतीनेच कापतो. आणि जंगलात तणनाशक मारायचा विचार डोक्यातून काढा, इथे जंगलात त्याला बंदी आहे.

पाम काढून त्या जागी काय लावू?

हिवाळ्यातही हिरवं हवं असेल तर हॉली. चकचकीत पानं, लाल फळं, इथलीच, पक्षी खूश. पामचाच दिमाख हवा असेल तर त्याला पर्याय नाही, तो हट्ट सोडावा लागतो.

महाराष्ट्रात सोसायटीच्या फाटकाशी लावतात त्या पामचं काय?

घाबरून करवत काढू नका. पुण्या-मुंबईत दिसणारा बाटलीसारख्या फुगीर बुंध्याचा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड बेटाचा. तिथे तो रानात मोजकाच उरला आहे. आपल्या पार्किंगमध्ये रांगेने उभा, आणि स्वतःच्या घरी नामशेष व्हायच्या बेतात. दिवाणखान्यातला अरेका पाम मादागास्करचा. रॉयल पाम क्यूबाकडचा. त्याचा एक उंच भाऊबंद पनामा आणि गयानाच्या ओलसर जमिनींत बागेबाहेर पसरला आहे, म्हणून रॉयल पामच्या बिया ओढ्याकाठी रुजताना दिसल्या तर नोंद ठेवायला हरकत नाही.

आणि भेरली माडाला यात ओढू नका. माशाच्या शेपटीसारख्या पानांचा तो माड सह्याद्रीचाच आहे. कुणीतरी उत्साहात 'विदेशी पाम हटवा' म्हणत त्याच्यावर कोयता चालवेल, ही भीती मला रॉयल पामपेक्षा जास्त वाटते.

आपल्याकडची खरी डोकेदुखी पामची नाही: घाणेरी, रानमोडी, गाजर गवत, सुबाभूळ. २०२२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन आक्रमक परक्या प्रजातींची आयात, व्यापार, प्रसार रोखायचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. पाम त्या रांगेत बराच मागे उभा असेल, आणि ते योग्यच.

हिमालयात सुट्टीला गेलात तर मात्र एक बघा. ट्रॅकिकार्पसचीच एक जात, ट्रॅकिकार्पस टाकिल, कुमाऊंत पिथौरागढजवळच्या डोंगरांवर रानात वाढते. दुर्मीळ आहे. थंड हवेच्या गावांतल्या बागांत चिनी आणि कुमाऊंनी जात लोक सर्रास एकमेकांच्या नावाने ओळखतात. एकाच घराण्यातला एक भाऊ इथे नकोसा, दुसरा तिथे जपण्याजोगा.

असं पामच्या बाबतीत आणखी कुठे झालंय?

ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या विद्यापीठाच्या राखीव वनात ऑस्ट्रेलियाचा एक शोभेचा पाम शिरला, तोही पक्ष्यांच्या चोचीतून. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या परिसरात तोच पाम तिथल्या देशी निकाऊ पामशी जागेसाठी भांडतो. नायजेरियात १९०६ मध्ये सिंगापूरहून आणलेला निपा पाम खारफुटीत पसरला. तोच निपा आपल्या सुंदरबनात हक्काचा रहिवासी आहे.

तिचिनोच्या जंगलातून हा पाम पूर्ण काढता येईल का?

नाही. सरोवराकाठच्या दऱ्यांत तो आता मुरला आहे. पण जिथे अजून तुरळक आहे तिथे अडवता येतो, विशेषतः संरक्षक जंगलाच्या वरच्या कडेला, आणि नगरपालिका, वनखातं आणि स्वयंसेवक मिळून तेच करतात. घरांजवळची मादी झाडं कमी झाली तर जंगलात जाणारं बीच कमी होतं, म्हणून बागवाल्यांच्या मागे लागतात.

तुम्हाला रानात दिसला तर 'इन्फो फ्लोरा' या स्विस वनस्पती-नोंद केंद्राच्या ॲपवर जागा टाका. शोधायचा महिना जानेवारी. चेस्टनट निष्पर्ण असतो, डोंगर राखाडी, आणि त्या राखाडीत हिरवे पंखे दुर्बिणीशिवायही मोजता येतात. आमच्या घरामागच्या उतारावर गेल्या जानेवारीत स्वयंपाकघराच्या खिडकीतून सतरा मोजले. अठरावा होता तो कुणाच्या तरी गच्चीवरचा प्लास्टिकचा निघाला.